तीन इंची पाइप

आज प्लंबरने पाइप जोडायचं सोल्युशन उघडलं आणि त्या उग्र वासाने मी चाळीस वर्षं मागे, सौसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत पोचले. मी नवी सून होते. विहिरीवरून पाणी न्यायला पांढुर्ण्याहून दोन इंची पाइप आले होते. मी वहीत घर्षणाचं गणित मांडलं आणि भीतभीत सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, शेवटच्या झाडांपर्यंत दाब उरत नाही. तीन इंची पाहिजेत."

दीर हसले.

"ते हिशोब करून राहिली अन् तू हसून राहिला," मामाजी त्यांना म्हणाले. "पाइप परत कर."

नवे पाइप जोडल्यावर शेवटच्या संत्र्यापाशी बादली मी सांगितलेल्या पाच सेकंदांत भरली. तेव्हा मला माझ्या गणिताचाच अभिमान वाटला होता. आता माझी सून काही सुचवते तेव्हा जाणवतं, मामाजींनी बादली भरायच्या आधीच माझ्यावर विश्वास ठेवला होता.