तर्जनी, बावीस मिलिमीटर

घड्याळजीला आधी वाटलं, चपला आटल्या. मग वाटलं, हल्ली चिमटेच बारीक करतात. शेवटी लग्नातली अंगठी कापून काढावी लागली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जग लहान होत नाहीये, तुम्ही मोठे होताय. पंचेचाळिसाव्या वर्षी!"

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीचं हार्मोन सोडते. तिला 'आता पुरे' म्हणणारं दुसरं हार्मोन असतं. पण याच्या ग्रंथीवर गाठ झालेली, ती दाद देईना. ऑपरेशन झालं, तरी थोडी गाठ उरलीच. म्हणून त्या 'पुरे'वाल्या हार्मोनची नक्कल करणारं इंजेक्शन, दर अठ्ठावीस दिवसांनी, कमरेखाली.

घड्याळजीला घोर एकाच गोष्टीचा. उजवी तर्जनी अजून जाडावली, तर मनगटी घड्याळाचा स्क्रू धरता येणार नव्हता. आणि दुसरं त्याला काही येत नव्हतं.

माणूस मापाचा. दर रविवारी कॅलिपर लावून बोट मोजायचा, वहीत लिहायचा. सुरुवातीला सूज जरा ओसरली, मग आकडा बावीसवर बसला तो बसलाच. पाच महिने.

"ढिम्म हलत नाही," तो बायकोला म्हणाला. "सुया टोचून घ्या, पोट बिघडवून घ्या, दोन दिवस आडवे पडा. कशासाठी? कंटाळलो बाई."

"डॉक्टरणीला विचारा तरी."

"ती काय, 'घेत राहा' म्हणणार."

दोन इंजेक्शनं त्याने बुडवली. मग एका रविवारी कॅलिपर म्हणाला तेवीस. घड्याळजीने कॅलिपर पुसला, तेल घातलं, पुन्हा लावला. तेवीस. त्या आठवड्यात एकच स्क्रू चिमट्यातून तीनदा निसटला.

बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि कपाळाला हात लावला. "अहो, बावीस, बावीस, बावीस! हेच तर इंजेक्शन करत होतं. वाढ थांबली होती, म्हणून आकडा थांबला होता. आणि तुम्ही त्यालाच घरी बसवलंत?"

"मला वाटलं, कमी होईल."

"सूज उतरेल. हाड जाडावलंय ते तसंच राहणार."

"आणि सुया?"

"घ्यायच्या. वर्षानुवर्षं."

घड्याळजीने वही परत घेऊन खिशात घातली. मग तो बायकोला म्हणाला, "बायकांची नाजूक घड्याळं पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात देऊन टाकू. मी भिंतीवरची तेवढी करीन."

"करा," ती म्हणाली. "तीही बंद पडतातच की."

तो दवाखान्यातल्या पलंगावर पालथा झाला.

"काका, अंग सैल सोडा," सुई भरत नर्स म्हणाली.

"सैलच आहे, बाई. ताठायला त्राण कुठंय?"