जवाईबुवांच्या बाजूचा पिवळा उजेड

अकोल्यात आमचं लायटिंगचं दुकान आहे, माझं आणि माझ्या नवऱ्याचं. गिऱ्हाईक आलं की नवऱ्याशी बोलतं आणि मला पाणी मागतं. मी पाणी देते. मग त्याच गिऱ्हाइकाच्या मांडवात बिघाड झाला की शिडीवर चढते तीही मीच, आणि नवरा खालून शिडी धरतो. त्याला उंचीची भीती वाटते. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असं आमचं लग्नापासून ठरलेलं आहे.

माझं माहेर भातकुलीकडचं. बाबांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा आहे. लग्नात फुलं असली की झालं, दिवे म्हणजे डासांची सोय, असं त्यांचं मत. पण धाकट्या भावाच्या लग्नात मात्र ते स्वतःहून म्हणाले, "बाई, लाईट तुह्याकडं. काही कमी नको पडू देऊ. जवाईबुवा येऊन राहिले."

हे जवाईबुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमच्या घराण्याचे सगळ्यात मोठे जावई. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. माझ्या लग्नात त्यांना मानाची टोपी घातली ती लहान निघाली. डोक्यावर बसेना, सारखी घसरून खाली पडे. लोक हसले, आणि मीही हसले. मामाजी जेवणाआधी उठले आणि आत्याला घेऊन गेले. तेव्हापासून आत्याने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. भाऊबीजेला बाबा सकाळपासून ओट्यावर बसत आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून आत जाऊन झोपत. एवढा मोठा माणूस, बहिणीसाठी असा झुरताना मला बघवायचं नाही. या लग्नाला मामाजींनी यायचं कबूल केलं होतं, पण पंगतीत जेवून उठतील तेव्हा खरं.

म्हणून मी जीव ओतून काम केलं. स्टेजपासून मांडवाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत दिव्यांची पट्टी लावली. या पट्टीत प्रत्येक दिवा वेगळा रंग धरतो. त्याला दोन गोष्टी लागतात: पेटायला करंट, आणि कधी कोणता रंग धरायचा याचा हुकूम. खांबांवरच्या मोठ्या फोकसांची माळ वेगळी. तिथे एका फोकसातून दुसऱ्यात हुकूम जातो, आणि शेवटच्याच्या मागे एक छोटं बूच लावायचं असतं. मामाजींची बैठक त्याच दुसऱ्या टोकाला ठेवली, कारण कूलर तिथे होता, आणि मे महिन्यात आमच्याकडे कूलरपेक्षा मोठा मान नाही. दुपारी सगळं लावून तपासलं. पांढरा म्हणजे दुधासारखा पांढरा. मग मी निर्धास्तपणे नऊवारी नेसायला गेले.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. अंधार पडला तशी मी मांडवाकडे पाहिलं. स्टेजकडे उजेड पांढरा होता. पुढे तो पिवळट होत गेला, आणि मामाजींच्या डोक्यावर पोचेपर्यंत भगवा झाला होता. भरीत भर म्हणून खांबांवरचे फोकस नुसते थरथरत होते. मामाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर कधी हिरवा उजेड, कधी लाल, कधी काहीच नाही.

मी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "हा उजेड आमच्यासाठी वेगळा आनला काय?"

"नाई मामाजी, थोडा बिघाड झाला."

"बिघाड माह्याच डोक्यावर झाला काय? तिकडं सारे पांढरेफेक, अन् मी इथं कावीळ झाल्यावानी बसून राहिलो." मग ते थांबले आणि म्हणाले, "पंगत बसू द्या. मले भूक नाई."

आमच्या घराण्यात जावयाने भूक नाही म्हटलं, की बायका पिशव्या गोळा करायला लागतात. शेजारी आत्याने पर्स मांडीवर घेतली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी नऊवारीचा काष्टा सावरून शिडीवर चढले. नवऱ्याने शिडी धरली. वर बघते तर माझ्या पट्टीच्या शेपटीला आणखी दोन पट्ट्या जोडलेल्या, आणि शेवटच्या फोकसाच्या पुढे माझ्याच खोक्यातला एक जास्तीचा फोकस, माइकच्या वायरने जोडून लटकवलेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि डोळ्यांनी बाबांकडे खूण केली.

बाबा आधीच खाली येऊन उभे होते. "मीच लावले," ते म्हणाले. "जवाईबुवाच्या बाजूनं दोन माया जास्त असू दे म्हटलं. मानाची गोष्ट आहे."

माया म्हणजे माळा. मला हसावं की रडावं कळेना. करंट एका टोकाकडून दिला की वाटेतल्या प्रत्येक दिव्याला थोडा थोडा खर्च होतो. जितकी शेपूट लांब, तितका शेवटच्याला कमी. म्हणजे बाबांनी जितका मान वाढवला, तितके मामाजी पिवळे पडत गेले.

"अन् फोकसाच्या मांगचं बूच कुठं हाय?" मी विचारलं.

"ते? त्याले काहीच लागून नोतं. रिकामंच होतं," म्हणत बाबांनी खिशात हात घातला. दोन सुपारीची खांडं, एक अक्षता लागलेली लवंग आणि माझं बूच बाहेर आलं.

त्यांच्यावर ओरडायला माझ्याकडे भरपूर होतं, पण पंगतीची पानं मांडून झाली होती. मी जास्तीचा फोकस काढला आणि बूच जागेवर लावलं. थरथर थांबली. पट्ट्या मात्र काढता येईनात. बाबांनी त्या सुतळीच्या इतक्या गाठी मारून बांधल्या होत्या की जणू वासरू बांधायचं होतं. तेव्हा एकच उपाय उरला, शेपटीकडूनही करंट द्यायचा. जास्तीचा पॉवर सप्लाय गाडीत होता, तो मागवून घेतला. दोन्हीकडचे करंट एकमेकांना भिडू नयेत म्हणून मी पट्टीच्या मधली लाल तार तोडली, काळी तशीच ठेवली आणि शेपटीला सप्लाय जोडला. आता फक्त प्लग घालायला जागा हवी होती.

त्या टोकाला बोर्ड एकच होता. त्याच्या एका जागेत मामाजींचा कूलर होता आणि दुसऱ्या जागेत मामाजींचा मोबाईल.

कूलर काढला असता तर दोन्ही घरं कायमची तुटली असती. मी खाली उतरले. "मामाजी, मोबाईल काढा बरं."

"काहून? आता मोबाईलबी जड झाला काय?"

"करंट तुमच्याकडून घ्या लागते. स्टेजकडून निघालेला इथपर्यंत येता येता थकते. तुमी दिल्याशिवाय या बाजूनं उजेड होत नाई."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण मामाजी सरळ होऊन बसले.

"माह्याकडून?"

"तुमच्याकडूनच."

त्यांनी मोबाईल काढला आणि माझ्या हातातला प्लग घेतला. आजूबाजूचे पाहतात की नाही हे एकदा बघून घेतलं आणि स्वतःच्या हाताने तो बोर्डात घातला. बटण दाबलं. त्यांच्या डोक्यावरचा उजेड भगव्याचा एकदम पांढरा झाला आणि पंगतीतून कोणीतरी टाळी वाजवली.

"लाईट इथून आला," मामाजी शेजारच्याला म्हणाले. "तिकडचा पुरत नोता." मग बाबांकडे वळून, "पान कुठं मांडलं माहं?"

बाबांनी स्वतः वाढलं. वांग्याची भाजी दोनदा, जिलबी मोजली नाही. मामाजी जेवता जेवता प्रत्येकाला लाईटची हकीकत सांगत होते. आत्याने पर्स खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मामाजी एकटेच गावी गेले. जाताना म्हणाले, "हिले राहू द्या आठ दिवस." मी मांडवातून वायरी गुंडाळत होते. आत्या आणि बाबा ओट्यावर बसले होते. आत्याने पेटीतलं ते बूच उचललं.

"हेच काय तं गहाळ झालं होतं? एवढंसं? काय करते हे?"

"हुकूम शेवटच्या दिव्यापर्यंत जाते," मी सांगितलं. "तिथं हे नसलं तं तो पलटून वापस येते अन् मांगच्या साऱ्याईले गडबडवते. हे लावलं का तिथंच संपते."

आत्या बूच हातात फिरवत राहिली. "त्या टोपीच्या पायी," ती बाबांना म्हणाली, "आमच्या घरी किती दिवस तेच ते वापस येत होतं, दादा."

बाबांनी हात पुढे केला. आत्याने बूच त्यांच्या हातावर ठेवलं आणि त्यांनी ते परत खिशात टाकलं, सुपारीजवळ. मी ते मागितलं नाही. अकोल्याला येऊन दुसरं बनवून घेतलं.