चिडीचूप हगामा

डावा तळहात कानावर, उजवा हात आभाळात आणि मान थोडी मागे. एवढं झालं की पाठोपाठ हाक यायची, "ध्यान हिकडं, मंडळी!" मग ध्यान दुसरीकडे ठेवायची कुणाची टाप नसायची. आमच्या साखर कारखान्याला एक भोंगा होता आणि एक आबा होते. दोघांतला भोंगा अधूनमधून बिघडायचा.

आबा वजनकाट्यावर कामाला होते. उसाच्या गाड्यांची रांग लागली की पुढच्या गाडीवानाचं नाव पुकारायचं हे त्यांचं काम. रांगेच्या शेवटी झोपलेला गाडीवान दचकून उठायचा, आणि त्याच्याआधी त्याचे बैल उठायचे. पण आबांचं खरं राज्य जत्रेतल्या कुस्त्यांवर. कुस्त्यांच्या फडाला आमच्याकडे हगामा म्हणतात. पुणतांब्यापासून राहुरीपर्यंत कुठेही हगामा असला की जोडी लावायला आणि पैलवानांची नावं पुकारायला आबाच लागत.

अशा आवाजाच्या माणसाला माईक कशाला हवा, हे तुमच्या मनात आलंच असेल. आमच्याही यायचं. पण आबांचा त्या माईकवर जीव होता. दोन्ही हातांनी धरायचे, काम झालं की उपरण्याने पुसायचे. "ह्यो माजा धाकला भाऊ," असं सगळ्यांना सांगायचे. धाकट्या भावाला ते फारसं बोलू देत नसत, ही गोष्ट वेगळी.

मी तेव्हा कारखान्याच्या ऑफिसात होतो आणि तिथल्याच क्लबचा चिटणीस होतो. म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर हरवला की तक्रार माझ्याकडे यायची. त्या दुष्काळाच्या वर्षी मात्र माझ्या गळ्यात भलतंच काम पडलं. शहरात टेनिसची मोठी स्पर्धा ठरली होती, पुरुषांची आणि महिलांचीही. पण तिथल्या मातीच्या कोर्टांवर शिंपडायला पाणी उरलं नव्हतं. आमच्याकडे सिमेंटची दोन कोर्टं होती. एका हौशी इंजिनिअरसाहेबांनी ती बांधून घेतली होती आणि ते नोकरी सोडून गेल्यापासून त्या कोर्टांवर कॉलनीतल्या कुरडया वाळत. सिमेंटला पाणी लागत नाही. कुरडया उचलल्या गेल्या आणि स्पर्धा आमच्याकडे आली.

टेनिसमध्ये तेव्हा पैसे घेऊन खेळणं हलकं मानत, म्हणून तसे खेळाडू येणार हे शहरातले संयोजक जरा आवाज खाली आणून सांगत. आबांना त्यात कुजबुजण्यासारखं काही दिसेना. "मंग? पैलवान काय फुकाट लढतोय व्हय?" ते म्हणाले. लाऊडस्पीकर कारखान्याचा होता, त्यामुळे पुकारणारेही आबाच ठरले.

पहिल्याच दिवशी कोर्टाभोवती ही गर्दी! आबांनी वजनकाट्यावरून गावोगाव सांगावा धाडला होता. लोक बैलगाड्या सोडून, भाकरी बांधून आले. येताना हलगीही आणली. आबांनी सुरुवात केली, "ध्यान हिकडं, मंडळी! ही मुंबईची पोरगी! उंचीला पुरी, मनगटाला पक्की! हिच्यासंगं लढनार..." हलगी कडाडली. खेळणारे पुरुष हसले आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

त्या मुंबईच्या मुलीला मात्र ते चालेना. विशीतली, सावळी, मोजकं बोलणारी. ती सर्व्हिस करायला चेंडू वर फेकायची आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडायचं, "हान! सोडू नगंस!" तिचे चेंडू नेटमध्ये जायला लागले. उपांत्य सामना ती कशीबशी जिंकली आणि रॅकेट पिशवीत घालून माझ्यासमोर उभी राहिली.

"इथे मी फायनल खेळणार नाही," ती म्हणाली.

संयोजकांनी लगेच तोड काढली. फायनलला फक्त पासवाल्यांना आत सोडायचं, म्हणजे शहरातली मंडळी आणि साहेबलोक. बाकीच्यांना तारेच्या बाहेर अडवायचं.

आबांचा चेहरा पडलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. "म्हंजी आमचीच मान्सं भायेर?" ते मला म्हणाले. "सायेब, हंड्यामागं वनवन करून दमल्यात ही मान्सं. हितं येऊन जरा हसली. त्यांना हाकलायचं?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. फेटा काढून हातात घेतला आणि सरळ त्या मुलीपुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, चूक मान्सांची न्हाई. आमच्यात वरडलं न्हाई तर पैलवानाला वाटतं, आपन कुनाला आवडलोच न्हाई. तुमाला गप बसलेलं लागतं, हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई. उंद्याच्याला चेंडू चालू असताना एक मानूस जरी वरडला, तर मी जल्मात माईकला हात लावनार न्हाई. शब्द देतो."

"तुम्ही माईक सोडलात तर त्यात माझं काय जातं?" तिने विचारलं.

"तुमचं काय न्हाई जात. माजं जातं."

तिने रॅकेट पिशवीतून पुन्हा बाहेर काढली. फायनल ठरली आणि लोकांना तारेबाहेर अडवायचं रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी आबांनी लोकांना एवढंच सांगितलं, "माजा हात वर गेल्याबिगर टाळी न्हाई. न्हाईतर माजा धाकला भाऊ गेला, समजा." आणि काय सांगू, तो सगळा हगामा चिडीचूप बसला. एकाला शिंक आली, त्याने फेट्याचं टोक तोंडात कोंबलं. एका बाईचं तान्हं किरकिरायला लागलं, तर ती त्याला घेऊन पार काट्याकडे पळाली. सिमेंटवर चेंडू आपटल्याचा टप्प टप्प आवाज तेवढा येत होता. पॉइंट संपला की आबांचा हात वर जायचा आणि टाळ्यांचा पाऊस पडायचा. हात खाली आला की पुन्हा सगळं शांत. शहरातली पासवाली मंडळीच काय ती कुजबुजत होती. मला माझ्या लोकांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तिसरा सेट सुरू होता. मुंबईच्या मुलीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. समोरच्या बंगलोरच्या मुलीने चेंडू उंच उडवून तिच्या डोक्यावरून मागे टाकला. संपलं, असंच आम्हाला वाटलं. पण ही पाठमोरी धावली, जवळजवळ कुंपणाला भिडली आणि वळता वळता तिने असा फटका मारला की चेंडू पलीकडच्या रेषेला चाटून उसळला. बंगलोरची मुलगी अजून त्याच्यामागे धावतच होती.

"व्वा गं माजे वाघिनी!"

लाऊडस्पीकर दणाणला. ओरडले होते खुद्द आबा.

बंगलोरची मुलगी थबकली. तिने हात वर केला आणि पंचांनी तो पॉइंट पुन्हा खेळायला लावला. चेंडू चालू असताना बाहेरून आवाज आला की पॉइंट पुन्हा, नियमच तसा होता. पुन्हा खेळताना मुंबईच्या मुलीचा चेंडू बाहेर गेला. पाठोपाठ तो गेमही गेला. आबांनी माईक टेबलावर ठेवला, वायर काढून नीट गुंडाळली आणि ते मान खाली घालून बसले. लोक मात्र अजूनही गप्पच होते. आता त्यांना आवरणारं कुणी नव्हतं, तरी गप्प होते.

सामना अखेर तीच जिंकली.

लोकांनी आबांना घेरलं. "आबा, तुमी आमच्याबद्दल शब्द दिल्ता. आमी कुठं वरडलो?"

"मंग मी काय हगाम्याभायेरचा हाय व्हय?" आबा म्हणाले. "शब्द गेला. माईकबी गेला."

तेवढ्यात ती मुलगी घाम पुसत आली. "माझं नाव पुकारायचं राहिलं की," ती म्हणाली.

"ताई, मला माईकला हात लावता येत न्हाई."

"मग माईकशिवाय येत नाही का तुम्हाला?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. हळूहळू सगळा चेहरा हसला. फेटा नीट केला, डावा तळहात कानावर नेला, उजवा हात आभाळात. "ध्यान हिकडं, मंडळी!" तिचं नाव त्यांनी असं पुकारलं की वजनकाट्यावरच्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आबांनी माईक कधीच हातात घेतला नाही. हगामा भरवणारे नवे नवे लाऊडस्पीकर आणायचे, आबा ते बाजूला ठेवायला लावायचे. "धाकल्याला सुट्टी दिलीया," म्हणायचे. माईकशिवायच गावोगाव जोडी लावत राहिले. आवाज टिकला तोवर त्यात काही अवघड नव्हतं.

मग तोही गेला. शेवटच्या वर्षी जत्रेत मी त्यांना पाहिलं, तेव्हा दोन पैलवानांनी त्यांना धरून आखाड्यात आणलं होतं. घसा पार बसला होता. शेजारी माईक होता. एका नव्या कार्यकर्त्याने तो पुढे केला. आबांनी मान हलवून नको म्हटलं, डावा तळहात कानावर नेला आणि उजवा हात नुसता आभाळात केला.

तेवढ्यावर तो सगळा हगामा गप्प झाला. पाळण्यांचे आवाज थांबले, भजीवाल्याने झारा खाली ठेवला. माझ्या शेजारच्या हलगीवाल्याने हलगी छातीशी धरली आणि तिच्यावर पंजा दाबला. आबांनी अगदी हळू, घरात बोलावं तसं, पैलवानाचं नाव घेतलं.

मी शेवटच्या रांगेत होतो. मला स्पष्ट ऐकू आलं.