चिंगी माराविना शिकली

मंडळी, आज सकाळी केजजवळच्या आमच्या शेतात शेजाऱ्यांच्या शेळ्या बांधावरून चालल्या होत्या. आमची कुत्री चिंगी त्यांच्यामागं सुसाट सुटली. सासऱ्यांनी काठी उचलली. "आज हिचा पायच मोडतो," म्हणाले.

मी नुसती हाक मारली. चिंगी अर्ध्यातून वळली आणि माझ्यापुढं येऊन बसली. महिनाभर हाकेला आली की अंड्याचा तुकडा आणि शाबासकी देतेय, आजही दिली.

"लाच देऊन शिकवतीस व्हय?" सासरे म्हणाले.

"मामा, तुमी बोलावलं की ती पळून जाते. मी बोलावलं की येते. कुणाचं शिकवणं बरं हाय?"

ते काठी टाकून चालू लागले. रागावले असतील तर असू दे. या घरात मी कुणालाच मारू देणार नाही.

मारल्याशिवाय कळत नाही म्हणणाऱ्यांना तुम्ही काय उत्तर देता?