मांजराच्या पंजातला मंत्र

स्टीलच्या परातीत वीस पैलूंचा फासा गरगरतो, तेव्हा त्याचा नाद पैंजणासारखा किणकिणत उमटतो आणि थांबताना मात्र कुणाच्या तरी प्राणांवर येऊन थांबतो! खरवईच्या आमच्या घरात रविवारची दुपार अलीकडे अशीच निनादते. माझी नात ईरा, तिचा उल्हासनगरचा मित्र जतिन आणि मी, तिघे बसल्याजागी एका अदृश्य राज्यात भटकतो. कथा जतिन सांगतो, राक्षसही तोच होतो; कोण जगले, कोण मेले ते फाशावरचा आकडा ठरवतो. ईरा तलवारबाज. मी मांत्रिक म्हातारी. जीव चिमणीएवढा, पण पदरी एक जादूचे मांजर. स्पर्शाने फळणारा मंत्र मी दूर, सुरक्षित उभी राहून म्हणायचा आणि मांजराने पुढे जाऊन पंजा लावायचा, असा खेळाचा नियम. "दादी, समझ में आया ना?" जतिनने काळजीने विचारले. मला हसू आवरेना. अरे, ही विद्या मी नववधू असतानाच सिद्ध केली होती!

अंबरनाथच्या त्या दोन खोल्यांत सासूबाईंच्या देखत नवऱ्याशी थेट बोलणे म्हणजे निर्लज्जपणाची परिसीमा. म्हणून मी घरच्या मनी मांजरीशी बोले. "मने, म्हणावं, पाणी गार होतंय." एमआयडीसीत दिवसभर माणसांवर गरजणारे आमचे साहेब मनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत, "मने, सांग, आलोच." केवढा गर्व होता मला त्या चातुर्याचा! दोन्ही पक्षांकडून दूध उकळून मनी भोपळ्यासारखी फुगली. आणि ऋतू आला की ती उनाडायला जाई, तेव्हा आमच्या संसारात घनघोर अबोला पसरे. भांडण कसले? दूत रजेवर, एवढेच! 'जरा माझ्याजवळ बसा ना' हा निरोप मात्र मी मनीकडे कधी दिलाच नाही. तिला तो पेलला नसता, की मला? आता मनी नाही, तेही नाहीत, आणि त्या वेळच्या शहाण्या सुनेचे, म्हणजे माझेच, कान उपटायला मी तेवढी उरले आहे.

परवा ईराची तलवारबाज राक्षसाच्या पायाशी कोसळली. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पोरीने जीव लावून वाढवलेले पात्र ते. या फेरीत माझ्या संजीवनी मंत्राचा स्पर्श झाला नाही, तर कायमचे गेले. ईरा नखे खाऊ लागली. "आजी, मांजर पाठव ना, लवकर!" पाठवले. फासा गरगरला, आणि वाटेतच राक्षसाच्या एका फटक्यात माझ्या मांजराचा धूर झाला.

"मी जाते," मी म्हणाले. "दादी, सोच लो. एक फटका और आप खल्लास!" जतिनने बजावले. "नको गं आजी, तू मरशील!" ईरा कळवळली. "मेले तर मेले. हात लावून मरेन." माझी म्हातारी त्या रणधुमाळीत शिरली आणि इकडे मी खरोखरच ईराच्या कपाळावर हात ठेवला. केवढे गरम होते ते कपाळ! तलवारबाज उठली. पाठोपाठ राक्षसाचा सोटा पडला आणि अस्मादिक कैलासवासी.

ईरा एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. माझा हात काही सोडेना. जतिनने नवे पात्र लिहायला कोरा कागद पुढे सरकवला. "दादी, इस बार कौन सा जानवर?"

"जानवर नको रे बाबा," मी म्हटले. "या खेपेला मला पैलवान कर. जवळ जाऊन मिठी मारणारी."