साडूच्या खेळघरातली बियर

धुळ्याला हायवेच्या कडेला माझ्या साडूनं मुलांचं खेळघर उघडलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर अजून औषध सापडलेलं नाही. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस चांगला, आणि हीच खरी अडचण. वाईट असता तर मला मोकळेपणानं जळता तरी आलं असतं.

खेळघरात रंगीत चेंडूंचा हौद, उड्या मारायच्या जाळ्या, वरून वळत वळत खाली येणारी बंद नळीची घसरगुंडी, आणि दारातच पायमोजे घालायची सक्ती. मी जळगावला पाण्याच्या मोटरी विकतो आणि दुरुस्त करतो. माझ्या दुकानात उड्या मारण्याजोगं काहीही नाही. 'हात लावू नको' हे वाक्य माझ्या पोरीनं तिथं सगळ्यात जास्त ऐकलेलं. ती दुसरीत आहे. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, घरातलं कोण काय काम करतं? हिनं मावसाचं, म्हणजे साडूचं, खेळघर असं रंगवून सांगितलं की तास संपला आणि बाप सांगायचा राहून गेला. बायकोनं हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो, आणि ताटातली दुसरी पोळी तशीच परत केली.

दिवाळीनंतर साडू आमच्याकडे आला तो एक प्रश्न घेऊन. खेळघराच्या वरच्या मजल्यावर त्याला हॉटेल टाकायचं होतं. समोर काचेची भिंत, म्हणजे आईबाप वर जेवतील आणि खाली मुलं दिसतील. त्यात कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की बियरचा परवानाही काढून टाक. बापमंडळी खाली बसून कंटाळतात आणि पोरांना लवकर ओढून नेतात. वर थंड बियर मिळाली तर तीच माणसं दर रविवारी आपणहून पोरांना घेऊन येतील. साडू स्वतः थेंबाला शिवत नाही, त्यामुळे त्याचं काही ठरेना. चहाची बशी खाली ठेवून तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तुम्ही मोठा शेतस. तुम्ही सांगा, ठेवू का नको?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यापेक्षा खाली बसला होता. मी मांडी नीट घातली आणि सुरू झालो. लहान लेकरांच्या जागेत दारू शोभते का? पोरगं घसरगुंडीवरून पडलं तर बाप जिन्यावरून धड उतरेल का? आणि मग त्याच पोरांना गाडीत घालून हायवेला लागणार कोण? एकेक मुद्दा असा पक्का होता की मलाच माझा आदर वाटायला लागला. खरं कारण मी सांगितलं नाही. त्याचं हॉटेल रविवारी गच्च भरलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं.

साडूनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाला, तुम्ही म्हणता तर नाही ठेवत. आणि गेला.

दोन दिवसांत बायकोच्या माहेरी ही गोष्ट पसरली. जावई असावा तर असा, चालून आलेल्या धंद्याला पोरांसाठी नाही म्हणाला. सासूबाईंनी मुक्ताईनगरला जाऊन मुक्ताबाईच्या पायाशी त्याच्या नावानं नारळ वाढवला. सल्ला माझा आणि नारळ त्याचा. वर असंही ऐकू आलं की आता शाळांच्या सहली तिथंच जाणार, कारण जागा सोज्वळ आहे. माझ्या लक्षात आलं की आपण त्याचं नुकसान करायला गेलो आणि त्याला देव करून बसलो.

मग मी त्याला फोन लावला. म्हटलं, मी परत विचार केला रे. जमाना बदललाय. माणसं पितातच. पार्किंगमध्ये गाडीत बसून पिण्यापेक्षा काचेआड, बायकोच्या नजरेसमोर प्यायलेली काय वाईट? बाप खूश तर पोरं खूश. ठेव तू बिनधास्त. हेही मुद्दे काही कच्चे नव्हते. फक्त या वेळी मला डोळ्यांसमोर सासूबाई दिसत होत्या, नारळ परत मागणाऱ्या.

फोन ठेवून वळलो तर बायको दारात.

"तुमचं कोणत्या वारी कोणतं मत असतं," ती म्हणाली, "ते एकदा कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वयंपाक करायला बरं पडेल."

एवढ्यात पोरीचा वाढदिवस आला आणि तिनं जाहीर केलं की तो मावसाच्या खेळघरातच करायचा. हे मात्र माझ्या सहनशक्तीच्या पलीकडचं होतं. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला मी पायमोजे घालून साडूच्या दारात उभा राहणार? मी ताडकन सांगितलं, वाढदिवस शेतात. भरीत पार्टी. फैजपूरजवळ माझ्या मामेभावाचं केळीचं शेत आहे, थंडीही पडलेली, भरताची वांगी बामणोद गावची. पोरांना मोकळी हवा, माती, झाड. ते प्लास्टिकचे चेंडू नकोत आणि तो बियरचा वादही नको. शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. पोरगी थोडी रडली. मग मी कडुलिंबाला दोराचा मोठा झोका बांधून द्यायचं कबूल केलं तेव्हा गप्प झाली. "झोका तुम्ही द्यायचा," ती म्हणाली. म्हटलं, मीच देणार, दुसरं कोण?

आमच्याकडच्या भरीत पार्टीत दोन बैठका असतात. एक सतरंजीवरची. तिथं बायका, पोरं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरच्या, कांद्याची पात. दुसरी केळीच्या आड, मोटरच्या खोलीपाशी. तिथं पुरुषमाणसं एकेक करून जातात आणि परत येतात तेव्हा त्यांचा आवाज चढलेला असतो. याला पोरांच्या जागेत दारू पिणं असं कोणी म्हणत नाही. मध्ये केळीची पानं असतात ना. मीसुद्धा, धुळ्याच्या माणसाला तासभर व्याख्यान देणारा, सकाळीच मोटरपाशी पाण्याच्या हौदात बाटल्या गार करायला सोडून आलो होतो, आणि तसं करताना माझ्या मनात एवढंही आलं नाही की आपण काय करतोय.

झोका बांधला. यजमान म्हणून वांगी भाजायचा मान माझा. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर मी वांगी उलटीपालटी करत होतो, डोळ्यांत धूर. आणि समोर सगळी पोरं साडूच्या अंगाखांद्यावर. तो घोडा झाला, मग झाड झाला, मग मेला, मग परत उठला. माझी पोरगी इतकी हसत होती की तिला उचकी लागली. माझ्या दुकानात ती कधी अशी हसल्याचं मला आठवेना. केळीच्या कडेवरून मामेभावानं हात केला. मी साडूला हाक मारली, जरा ही वांगी बघ म्हटलं, आणि केळीत गेलो. इतर लोक चवीनं घेतात, मी चिडून घेतली. त्यामुळे लवकर चढली.

कांद्याची पात चघळत परत आलो तर साडू इमानदारीत जाळापाशी बसलेला आणि पोरगी झोक्यावर एकटी. म्हटलं, हीच वेळ. मागं जाऊन दोर धरला.

तिनं पाय जमिनीला टेकवून झोका थांबवला. "नको पप्पा. मावसाला बोलवा."

"का गं? माझ्या हातात जोर नाही?"

"तुम्ही केळीतून आलात."

त्यात राग नव्हता. रांगेत माझा नंबर अजून आलेला नाही, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. बाजूला उभ्या असलेल्या मामेभावाच्या पोरीनं मला समजावलं की केळीतून आलेले बाप फार जोरात झोका देतात आणि थांब म्हटलं तर हसत बसतात, म्हणून पोरांनी तसं ठरवूनच ठेवलंय. सगळ्या पोरांना ठाऊक होतं. दर थंडीत ठाऊक होतं. पानांमुळे दिसत नाही, असं फक्त आम्हाला वाटत होतं.

मी वांग्यांकडे गेलो आणि साडू झोक्याकडे.

भरीत झकास झालं होतं, सगळे तसं म्हणाले. वांगी त्यानं भाजली होती. पंगतीत साडू माझ्यासमोर बसला आणि भाकरी मोडता मोडता त्यानं विषय काढलाच. परवान्याचा अर्ज द्यायचा की नाही, हे आता त्याला ठरवायचं होतं. "भाऊ, तुमना दोन मत व्हयनात," तो म्हणाला. "आते एकच सांगा. तुम्ही म्हनशात तसंच करसू."

बायको वाढता वाढता थांबली. तिला तिसरं मत ऐकायचं होतं. पोरगी माझ्या शेजारी होती, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. व्याख्यानातला एकही मुद्दा मला आठवेना.

"नको ठेवूस," मी म्हणालो. "वरून काचेतून पोरं दिसतील म्हणतोस. पण खालून पोरांनाही वरचे दिसतील."

साडूनं मान हलवली. बायकोनं माझ्या पानात न मागता भरीत वाढलं. हे मत शुद्ध होतं असा माझा दावा नाही. जो झोका मी कबूल केला होता तो हा माणूस केळीत न जाता नुसता जाळापाशी बसून राहिल्यानं मिळवून गेला होता, आणि त्यावरच मी जळत होतो.

त्याच्या खेळघरात आता वरच्या मजल्यावर ताक आणि लिंबू सरबत मिळतं. रविवारी गच्च भरलेलं असतं, म्हणजे ते दुःख आहेच. परवा आम्ही गेलो. मी पायमोजे घालून सरबत पीत बसलो होतो, तेवढ्यात पोरगी वर आली. माझ्या ग्लासात वाकून तिनं वास घेतला आणि म्हणाली, "चला पप्पा, नळीतून."

मी गेलो. नळीच्या दुसऱ्या वळणावर अडकलो. मागून पोरगी येऊन माझ्या पाठीवर आदळली, तिच्यामागे आणखी चारपाच. अंधारात ती सगळ्यांना सांगत होती, "हे माझे पप्पा आहेत, थांबा, ढकलू नका." खालून साडूनं माझे पाय धरून मला ओढून काढलं. एक पायमोजा त्याच्या हातात राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, ते मी पोरीला अजून विचारलेलं नाही.