आवाज पोहोचेल तिथवर

मायनराडचा उजवा डोळा मिटेनासा झाला, तेव्हापासून कुरणावरचं धुकं थेट त्याच्या स्वप्नांत शिरू लागलं. अर्धा चेहरा झोपलेला, अर्धा जागा. वसंतात त्याने गोचिडीच्या तापाची लस टोचून घेतली आणि थोड्याच दिवसांत तोंडाची उजवी बाजू ओघळली. "लशीमुळे असेल, नसेलही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांचं आपोआप बरं होतं." टोचून घे म्हणून हात धुऊन मागे लागली होती ती त्याची बायको आगाथा. आता ती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

उन्हाळ्यात दोघं गुरं घेऊन डोंगरावर आली. इथे सूर्य मावळताना दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावून चारी दिशांना संतांची नावं घेत प्रार्थना पुकारायची. आवाज पोहोचेल तिथवरची गुरं रात्रभर सुखरूप. बापामागून मायनराडने एकही सांज चुकवली नव्हती. यंदा मात्र नरसाळं खुंटीलाच.

"संतांची नावं लाळेत भिजवून घेऊ?" तो खेकसायचा. मग रात्रभर उघड्या डोळ्याने पडून राहायचा. आपली गुरं उघड्यावर पडली, या विचाराने जीव नुसता तुटायचा.

एके संध्याकाळी दरीपलीकडच्या कुरणावरच्या गुराखी बाल्झची प्रार्थनेची हाक फारच जवळून आली.

"हल्ली तो पार कड्यापर्यंत येतो," आगाथा हळूच म्हणाली. "आपली गुरंही त्याच्या आवाजात यावीत म्हणून."

मायनराडला फार लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

पुढे एकदा दाट धुकं उतरलं. गाई दिसत नव्हत्या, नुसत्या घंटा तरंगत होत्या. बाल्झची हाक खोकल्यात अडकली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा तुटली.

मायनराडने नरसाळं काढलं. एका हाताने लोंबता ओठ वर धरला, दुसऱ्या हाताने नरसाळं, आणि तुटल्या जागेपासून पुढे पुकारलं. निम्मी अक्षरं वाऱ्यासारखी निसटली. तरी शेवटपर्यंत म्हटलं.

मग पलीकडून आवाज आला,

"मायनराड! तोंडात बटाटा कोंबलायस का रे?"

"हो! उकडलेला!"

"मग उद्याही खा! माझ्याही गुरांचं तूच म्हण, माझा घसा पार बसलाय!"

आगाथा हसली, आणि हसता हसता रडली. जवळ येऊन तिने त्याच्या लोंबत्या ओठाखाली बोट ठेवलं.

"उद्या हा मी धरते," ती म्हणाली. "तू नरसाळं दोन्ही हातांनी धर."